संग्रहालयाचं काम घरबसल्या : ऑनलाइन सहभाग नेमका कसा चालतो

जुन्या छापचित्राची संग्रहालयातली नोंद साधारण अशी असते : चित्रकाराचं नाव, साल, कागदाचं माप, छपाईची पद्धत, आणि विषयाच्या रकान्यात दोन शब्द, ‘फांदीवर पक्षी’. नोंद करणारी व्यक्ती कलेच्या इतिहासात मुरलेली असते. तांब्याच्या पत्र्यावरची रेघ आम्लाने खाल्लेली आहे की पोलादी टोकाने कोरलेली, हे ती एका नजरेत सांगेल. पण तो पक्षी कोणता, हे तिला ठाऊक नसतं आणि ठाऊक असायचं काही कारणही नाही. ते ठाऊक असतं पहाटे दुर्बीण घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला. हा माणूस कदाचित कधीच संग्रहालयात गेलेला नसेल, जुन्या छापचित्रांशी त्याचं काही देणंघेणं नसेल. पण चित्र समोर ठेवून ‘हा कोणता पक्षी?’ असं विचारलं की तो थांबतो. चोच बघतो, पंखावरचा पट्टा बघतो, नाव सांगतो. आणि कधी कधी न विचारता पुढचंही सांगतो : पायांची ठेवण चुकलीय, चित्रकाराने हा पक्षी जिवंत पाहिलेला नसावा.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने संशोधकांच्या मदतीने ‘ॲक्युरेटर’ नावाची साइट उभी केली आणि संग्रहातल्या चित्रांमधले पक्षी ओळखायला पक्षीनिरीक्षकांनाच बोलावलं, ते याच विचाराने. ‘आमचा संग्रह किती सुंदर आहे, बघायला या’ असं हे आमंत्रण नव्हतं. ‘आम्हाला एक गोष्ट येत नाही, तुम्हाला येते’ असं होतं. ऑनलाइन सहभाग म्हणतात तो टिकतो तिथे मुळाशी हेच आढळतं. संग्रहालयाला खरोखर न सुटणारा प्रश्न, तो सुटू शकेल अशा माणसापुढे, त्याला एका बैठकीत झेपेल एवढ्या तुकड्यात ठेवलेला. नवा प्रेक्षक येतो तो त्याच्या स्वतःच्या जाणकारीच्या दाराने. मग एकदा आत आला की तो इकडेतिकडेही बघायला लागतो.

आता, संग्रहालयांना असे प्रश्न पडतातच का? कारण मोठ्या संग्रहालयांत दालनांमध्ये मांडलेल्या वस्तू एकूण संग्रहाचा अगदी छोटा भाग असतात. बाकीचं कोठारांत, खणांत, डब्यांत. त्यातल्या पुष्कळ वस्तूंची नोंद कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी एका ओळीत केलेली असते, ती पुढे कार्डावर आली, कार्डावरून संगणकात आली, आणि प्रत्येक वेळी थोडी थोडी आखडत गेली. शिवाय ही नोंद आतल्या माणसांनी आतल्या माणसांसाठी केलेली असते. तिची भाषाच वेगळी.

हा भाषेचा फरक किती आहे, ते एका प्रयोगात मोजलं गेलं. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही कलासंग्रहालयांनी एकत्र येऊन ‘स्टीव्ह’ नावाचा प्रकल्प सुरू केला. लोकांना कलाकृती दाखवायच्या आणि सुचतील ते शब्द टॅग म्हणून लिहायला सांगायचे. जमलेल्या टॅगपैकी ८६ टक्के शब्द संग्रहालयांच्या स्वतःच्या कागदपत्रांत कुठेच नव्हते. आणि संग्रहालयातल्याच लोकांनी ते तपासले, तेव्हा सुमारे ८८ टक्के टॅग शोधासाठी उपयोगी आहेत असा कौल दिला. नोंदीत ‘निसर्गदृश्य, कॅनव्हासवर तैलरंग’ असतं, शोधणारा माणूस मात्र ‘वादळ’, ‘एकटं झाड’, ‘सांज’ असं टाकतो. चित्र तिथेच असतं आणि सापडत नाही.

टॅग आणि माहिती या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत, आणि इथे बरीच संग्रहालयं फसतात. हे समजून घ्यायला फ्लिकर कॉमन्सचा पहिला प्रयोग अजूनही सगळ्यांत चांगला, कारण त्याचे आकडे उघड आहेत. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपले जुने फोटो फ्लिकर या फोटोंच्या साइटवर ठेवले आणि लोकांना टॅग व प्रतिक्रिया लिहायची मुभा दिली. ऑक्टोबरपर्यंत ४,६१५ फोटो चढले होते आणि ते १ कोटी ४ लाख वेळा पाहिले गेले होते. २,५१८ खात्यांवरून ६७,१७६ टॅग आले. २,५६२ खात्यांवरून ७,१६६ प्रतिक्रिया आल्या. आता शेवटचे दोन आकडे बघा. लोकांनी दिलेल्या माहितीमुळे मूळ कॅटलॉगमधल्या ५०० हून अधिक नोंदी सुधारल्या. आणि आक्षेपार्ह म्हणून काढून टाकाव्या लागलेल्या मजकुराची प्रकरणं होती पंचविसाहूनही कमी.

या प्रयोगातून तीन गोष्टी सरळ दिसतात. पाहणं कोटीत, लिहिणारे हजारांत. ही उतरण जवळपास सगळीकडे असते, ती अपयशाची खूण नाही. दुसरं, लोक घाण करतील ही भीती, जिच्यापायी कित्येक प्रकल्प बैठकीतच मरतात, ती निदान अशा कामात फारशी खरी ठरत नाही. फोटो बघून आपलं मत लिहिणाऱ्याला वस्तूत रस असतो, धुडगुसात नाही. तिसरं म्हणजे सुधारलेल्या नोंदी बहुतांशी प्रतिक्रियांच्या जोरावर सुधारतात. ‘घोडा’ हा टॅग शोधाला मदत करतो. पण ‘मागची इमारत या या रस्त्यावरची आहे, ती अमुक साली पाडली, म्हणजे फोटो त्याआधीचा’ हे वाक्यातच सांगता येतं. म्हणून फक्त टॅगचा चौकोन ठेवून मोकळं होऊ नये. माणसाला वाक्य लिहायला, पुरावा जोडायला आणि दुसऱ्याने लिहिलेलं खोडायला जागा हवी.

आता कामाच्या प्रकारांकडे वळू. सगळ्यांत जास्त चालणारं, आणि सगळ्यांत जास्त बारकावे असणारं काम म्हणजे हस्ताक्षरातला मजकूर उतरवणं.

वाळलेल्या झाडाचा एक नमुना डोळ्यांसमोर आणा. जाड कागदावर पट्ट्यांनी किंवा दोऱ्याने पक्की केलेली फांदी, आणि खाली कोपऱ्यात तळहाताएवढं लेबल. त्यावर झाडाचं नाव, कुठे मिळालं, कधी, कुणी गोळा केलं. एवढ्या चार ओळी संगणकात आल्या की ते झाड शंभर वर्षांपूर्वी कुठपर्यंत वाढत होतं, कोणत्या महिन्यात फुलत होतं, हे शास्त्रज्ञ काढू शकतात. पण अशी लेबलं लाखांनी आहेत आणि यंत्रांना ती नीट वाचता येत नव्हती. म्हणून ऑस्ट्रेलियन म्युझियमने २०११ मध्ये ‘डिजिव्हॉल’ आणि झूनिव्हर्स या, लोकांच्या मदतीने संशोधन करणाऱ्या साइटने २०१३ मध्ये ‘नोट्स फ्रॉम नेचर’ सुरू केलं. घरबसल्या एक लेबल उघडा, वाचा, रकाने भरा, पुढचं घ्या.

दिसायला सोपं आहे. पण तारखेवरच बघा. ‘३/४/२१’. तीन एप्रिल की चार मार्च? १९२१ की १८२१? उतरवणाऱ्याने इथे अंदाज केला, तर तो अंदाज पुढे कायमचा तथ्य म्हणून वावरतो. म्हणून पहिला नियम : दिसतं तसं उतरवा. अर्थ लावायचा रकाना वेगळा. लेबलवर गावाचं जुनं नाव असेल तर जुनंच लिहायचं, शुद्धलेखन चुकलेलं असेल तर चुकलेलंच. वाचता न येणाऱ्या शब्दाला एकच ठरलेली खूण हवी. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या मोठ्या संस्थेच्या प्रकल्पात दुहेरी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकतात. ही खूण आधी ठरवली नाही, तर कुणी टिंबं टाकतो, कुणी रेघ, कुणी ‘वाचता येत नाही’ असं लिहितो, आणि शेवटी ती शोधून काढणं हेच एक काम होऊन बसतं.

नोंदवह्यांमध्ये आणखी एक खाच असते. वरच्या ओळीतलंच खाली असेल तर जुने लिहिणारे दोन टिचक्या (″ अशी खूण) मारत. पान कापून एकेक ओळ स्वयंसेवकाला दाखवली, की त्याच्यापुढे फक्त टिचक्या येतात. त्यांचा अर्थ वरच्या ओळीत राहिला. म्हणून काम ओळीचं असलं तरी दाखवायचं पूर्ण पान, आणि ती ओळ ठळक करायची.

उतरवलेलं बरोबर आहे कशावरून? दोन पद्धती आहेत. पहिली साखळीची. स्मिथसोनियन ट्रान्स्क्रिप्शन सेंटर २०१३ पासून याच पद्धतीने चालतं. एक स्वयंसेवक उतरवतो, दुसरा तपासून दुरुस्त करतो, मग संस्थेतली व्यक्ती शेवटची नजर टाकते. लांब, सलग मजकुराला, म्हणजे डायऱ्या, पत्रं, प्रवासाच्या टिपणवह्या यांना ही पद्धत उत्तम, कारण वाचणाऱ्याला लेखकाचं अक्षर सवयीचं होत जातं.

दुसरी पद्धत बहुमताची. तीच वस्तू अनेकांना, एकमेकांचं उत्तर न दाखवता द्यायची आणि उत्तरं जुळवायची. ही पद्धत गाजली ती खगोलशास्त्रात, २००७ च्या ‘गॅलक्सी झू’ प्रकल्पात. सुमारे ९ लाख दीर्घिकांचे फोटो, आणि प्रश्न एवढाच की आकार सर्पिल आहे की लंबगोल. पहिल्या वर्षात दीड लाखाहून जास्त लोकांनी ५ कोटींहून अधिक उत्तरं दिली. म्हणजे एका दीर्घिकेमागे सरासरी पन्नासहून जास्त डोळे. त्यातूनच पुढे झूनिव्हर्स उभं राहिलं आणि संग्रहालयंही तिथे आली.

लेबलं वाचायला पन्नास माणसं लागत नाहीत. तीन ते पाच पुरतात. पण हा आकडा ठरवताना कागदावर गणित मांडा. १०,००० लेबलं, प्रत्येकी ३ वाचक, म्हणजे ३०,००० कामं. एकाला ३ मिनिटं धरली तर १,५०० तास. एक माणूस एका वेळी अर्धा तास बसतो असं धरलं, तर ३,००० बैठका. एवढ्या बैठका कुठून येणार आहेत, याचं उत्तर नसेल तर १०,००० ऐवजी १,००० लेबलांपासून सुरुवात करा. वाचकांचा आकडा ३ वरून ५ केला की तास थेट २,५०० होतात, म्हणून ‘असू दे आणखी दोन’ असं सहज म्हणू नये.

बहुमतात फसगत होते ती अशी. तिघांनीही लेबल बरोबर वाचलं, पण एकाने शेवटी पूर्णविराम दिला, एकाने दोन शब्दांत दोन जागा सोडल्या, एकाने संक्षेपानंतरचं टिंब गाळलं. संगणक म्हणतो, तिघांची तीन उत्तरं, एकमत नाही. मग कर्मचारी ती सगळी हाताने बघत बसतात आणि लोकांचं काम निकृष्ट असल्याचा समज करून घेतात. जुळवणीआधी जागा, विरामचिन्हं आणि संक्षेप एकसारखे करून घेतले की यातले बरेचसे मतभेद विरतात. आणि जिथे तिघे खरोखर वेगळं वाचतात, तिथे बहुधा अक्षरच वाईट असतं. ती यादी सोन्यासारखी समजा. तज्ज्ञाने नेमकं कुठे बघायचं, ते तिने दाखवलेलं असतं.

दुसरा एक प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो, पण हातांना काम हवं असणाऱ्यांना तो फार आवडतो. लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि तिथल्याच युनिव्हर्सिटी कॉलेजने ‘मायक्रोपास्ट्स’ हा प्रकल्प चालवला. त्यात कांस्ययुगातल्या वस्तूंची सुमारे ३०,००० कार्डं लोकांकडून उतरवून घेतलीच, पण त्याच वस्तूंच्या त्रिमितीय प्रतिकृतीही करून घेतल्या. कुऱ्हाडीचं एक पातं घ्या. त्याचे सगळ्या बाजूंनी कितीतरी फोटो काढतात आणि सॉफ्टवेअर ते जोडून घनाकृती तयार करतं. पण फोटोत पातं असतं तशीच मागची चादर, खालचा आधार, सावलीही असते. सॉफ्टवेअरला यातलं पातं कोणतं हे कळायला हवं. म्हणून स्वयंसेवक प्रत्येक फोटोत पात्याच्या कडेने टिंबं टाकत जातो, सरळ कडेला विरळ, धारेच्या वळणावर दाट, आणि शेवटचं टिंब पहिल्याला जोडून आकृती बंद करतो. रेघ वस्तूच्या आत गेली तर प्रतिकृतीला चावा घेतल्यासारखी खाच पडते. बाहेर राहिली तर कडेला चादरीची लक्तरं चिकटतात. हे करताना माणूस त्या पात्याकडे जितका वेळ आणि जितक्या बारकाईने बघतो, तितकं काचेसमोर उभा राहून क्वचितच कुणी बघत असेल. सहभागाचं हे फळ मोजता येत नाही, पण मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं.

मतं मागवायचाही प्रकार आहे. ब्रुकलिन म्युझियमने २००८ मध्ये ‘क्लिक!’ हे प्रदर्शन लोकांच्या निवडीतून मांडलं. ३८९ फोटो आले, ३,३४४ जणांनी मिळून ४,१०,०८९ वेळा गुण दिले. इथे शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे गुण देणाऱ्याला आधीचे गुण दिसत नव्हते आणि फोटो सरमिसळ क्रमाने येत होते. मतदानात इतरांचा कौल आधी दिसला की लोक त्याच्यामागे जातात, आणि आपल्या मित्रांना पाठवायला थेट लिंक मिळाली की मोजली जाते ती ओळखीपाळखी. याउलट फोटोतली जागा ओळखण्यासारख्या कामात आधीची उत्तरं दिसायलाच हवीत, कारण तिथे एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहतो. काम मताचं आहे की शोधाचं, हे ठरवा. दाखवायचं की झाकायचं, ते त्यावरून ठरतं.

तयारी कशी करायची? आधी ५० ते १०० वस्तूंचा एक छोटा गठ्ठा घ्यावा. हस्ताक्षर असेल तर स्कॅन ३०० ते ४०० डीपीआयचं (म्हणजे इंचाला तेवढे ठिपके) हवं, आणि साइटवर ते मोठं करून बघता यायला हवं. मग ज्यांच्यासाठी हे आहे अशा पाच जणांना बसवायचं, काही समजावून न सांगता, आणि त्यांच्या मागे गप्प उभं राहायचं. पहिलं काम पुरं करायला किती वेळ लागला, सूचना वाचल्या का (बहुतेक जण वाचत नाहीत), कुठे थांबले, हे टिपायचं. पहिलं काम काही मिनिटांत पुरं होत नसेल तर ते तोडा. लांबलचक सूचनापत्रापेक्षा भरून दाखवलेला एक नमुना जास्त उपयोगी पडतो. आणि खातं उघडायची सक्ती पहिल्या कामाआधी कधीच नको. आधी काम करू द्या, आवडलं तर नाव नोंदवतील.

गठ्ठे लहान ठेवणं फार महत्त्वाचं. २०,००० पानं एका ढिगात टाकली तर प्रगतीची पट्टी आठवडाभर जागची हलत नाही, आणि येणाऱ्याला आपण समुद्रात लोटा ओततोय असं वाटतं. त्याच पानांचे दोन-दोनशेचे संच केले, प्रत्येकाला नाव दिलं, की दर काही दिवसांनी एक संच पुरा होतो आणि ते सगळ्यांना दिसतं.

लोक आणायचे कुठून? संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावर जाहीर केलं तर जुनेच लोक येतात. नवे हवे असतील तर त्यांच्या अंगणात जावं लागतं : पक्षीनिरीक्षकांचे गट, जुन्या आगगाड्यांचे शौकीन, विणकाम करणारे, कुलवृत्तांत शोधणारे, निवृत्त नाविक. आणि जाताना ‘या, सहभागी व्हा’ असा मोघम निरोप न नेता एक फोटो आणि एक प्रश्न न्यावा. ‘हे इंजिन कोणत्या बनावटीचं?’ त्यांना राहवत नाही.

गमतीच्या आवाहनांचं काय? २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रामीण जीवनाच्या एका संग्रहालयाने आपल्या जुन्या फोटोंमधला एक भलामोठा मेंढा ट्विटरवर टाकला आणि तो जगभर फिरला. मार्च २०२० मध्ये, सगळे घरात अडकलेले असताना, लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमने घरातल्या तीन वस्तू घेऊन एखादी कलाकृती उभी करून दाखवायला सांगितलं. मूळ कल्पना नेदरलँड्समधल्या एका इन्स्टाग्राम खात्याची होती. लोकांनी टॉवेल, पातेली, पाळीव कुत्री घेऊन जुनी चित्रं जिवंत केली. यात मला काही कमी वाटत नाही. एखादं चित्र साकारायचं तर हात कुठे आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, कापडाच्या चुण्या कशा पडल्यात, हे नीट बघावंच लागतं. पण अशी लाट आठवड्यांत ओसरते. ती आली असतानाच पुढचं पाऊल तयार हवं : हे चित्र आवडलं? या चित्रकाराची पत्रं आहेत, वाचायला मदत कराल? ते पाऊल नसेल तर आलेले लोक टाळी वाजवून निघून जातात.

आणि लोकांनी खेळावं, जोडावं, कापावं असं वाटत असेल तर चांगली प्रतिमा मोकळ्या हाताने द्यावी लागते. राइक्सम्युझियमने २०१२ मध्ये ‘राइक्सस्टुडिओ’ उघडला तेव्हा १,२५,००० प्रतिमा मोठ्या आकारात, उतरवून घ्यायला मुक्त ठेवल्या. याआधी त्यांच्या लक्षात आलं होतं की जुना डच चित्रकार फर्मीर याच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राच्या पिवळट, बिघडलेल्या प्रती इंटरनेटवर हजारोंनी फिरताहेत, इतक्या की खऱ्या रंगातलं पोस्टकार्डच लोकांना खोटं वाटे. खराब प्रतीवर उपाय एकच, चांगली प्रत फुकट देणं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३,७५,००० प्रतिमा सीसी झिरो परवान्याखाली, म्हणजे कुणीही कसंही वापरावं अशा मुभेने, खुल्या केल्या, स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख. लोकांच्या योगदानालाही परवाना लागतो, हे मात्र विसरलं जातं. त्यांनी लिहिलेला मजकूर कोणत्या अटीवर वापरला जाईल, हे पहिल्या पानावर साध्या दोन वाक्यांत सांगावं. नंतर हजार जणांना शोधून परवानगी मागता येत नाही.

आता खरी अडचण. लोकांनी काम केलं, माहिती जमली, आणि ती संग्रहालयाच्या कॅटलॉगमध्ये गेलीच नाही. घोडं पेंड खातं ते इथे. साइट एका कंपनीने बांधलेली, कॅटलॉग दुसऱ्या विभागाचा, आणि मध्ये पूल बांधायचं कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. म्हणून पहिल्या स्वयंसेवकाला बोलावण्याआधी दहा वस्तूंची माहिती खोटीखोटी भरून ती कॅटलॉगपर्यंत नेऊन बघावी. तेव्हा छोट्या छोट्या चुका उघड होतात. उदाहरणार्थ, वस्तूचा क्रमांक ‘१९०२.१०’ आहे. फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली की ती त्याला संख्या समजते, शेवटचं शून्य खाते आणि ‘१९०२.१’ करते. झालं, दहाव्या वस्तूची माहिती पहिल्या वस्तूवर जाऊन बसली. ‘००४५’ चं ‘४५’ होतं. ‘३-१२’ ची तारीख होते. क्रमांकाचा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवणं आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत) ठेवणं, एवढ्याने यातलं बहुतेक टळतं.

कॅटलॉगमध्ये लोकांची माहिती कुठे लिहायची? तज्ज्ञाच्या नोंदीवर चढवायची नाही, आणि वेगळ्या कोठडीत डांबायचीही नाही. शेजारी वेगळा रकाना, त्यात कुणी दिलं, कधी दिलं, आणि स्थिती : न तपासलेलं, तपासलेलं, स्वीकारलेलं. शोध घेताना मात्र दोन्ही रकाने शोधले गेले पाहिजेत. आणि नोंद बदलली की देणाऱ्याला कळवायचं. ‘तुम्ही सांगितलेली जागा बरोबर निघाली, नोंद बदलली, ही बघा’ या एका ओळीचा परिणाम साइटवर मिळणाऱ्या कुठल्याही बिल्ल्यापेक्षा जास्त होतो.

बिल्ले आणि क्रमवाऱ्या जपून वापराव्यात. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ प्रकल्पात लोक जुन्या युद्धनौकांच्या रोजनिशीतून हवामानाच्या नोंदी उतरवत, आणि एखाद्या जहाजावर सर्वांत जास्त काम करणारा त्याचा कप्तान होई. काहींना याने भरपूर हुरूप आला. पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की पुढचा माणूस हजार पानं पुढे असलेला बघून काही जण खचले आणि सोडून गेले. जे राहिले त्यांना टिकवून ठेवलं ते रोजनिशीतल्या गोष्टीने : उद्या जहाज कुठे पोचलं, आजारी खलाशाचं काय झालं. अशा जवळपास प्रत्येक प्रकल्पात मूठभर लोक बहुतांश काम करतात. त्यांना नावाने ओळखा, त्यांचे प्रश्न दोन दिवसांच्या आत सोडवा. त्याच वेळी एकदाच येऊन एकच लेबल वाचणाऱ्यालाही काहीतरी पुरं केल्याचं समाधान मिळेल असं बघा. या सगळ्याला पगारी माणसाचा वेळ लागतो. स्वयंसेवक फुकट काम करतात, प्रकल्प फुकट चालत नाही. आठवड्यातला निदान एक पूर्ण दिवस यासाठी कुणाच्या तरी नावावर नसेल तर सुरूच करू नये.

अलीकडे हस्ताक्षर वाचणारी यंत्रं बरीच सुधारली आहेत आणि स्वयंसेवकाला कोरं पान न देता यंत्राने वाचलेला मसुदा दुरुस्तीला दिला जातो. वेळ वाचतो. पण डोळा फसतो. यंत्र चुकतं ते निरर्थक अक्षरं टाकून नव्हे, तर शोभेल असा चुकीचा शब्द टाकून, आणि दहा ओळी बरोबर वाचल्यावर माणूस अकरावी नीट बघत नाही. नावं, आकडे आणि तारखा या तीन गोष्टी यंत्राचा मसुदा न दाखवता पुन्हा उतरवून घेतल्या तर हा धोका पुष्कळ कमी होतो.

आणि काही वस्तू सगळ्यांपुढे मांडायच्याच नसतात. मानवी अवशेष, पूजाविधीतल्या वस्तू, परवानगी न घेता काढलेले फोटो. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू या आदिवासी समाजाबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ हे मुक्त सॉफ्टवेअर तयार झालं. त्यात कोणती वस्तू कुणी बघावी हे तो समाजच ठरवतो. काही फक्त बायकांसाठी, काही ठरावीक कुटुंबांसाठी. सहभाग म्हणजे नेहमी सगळं उघडं टाकणं नव्हे, दार कुणी उघडायचं हे ठरवण्याचा अधिकार देणं हाही सहभागच.

यश मोजायचं तर किती जणांनी पाहिलं हा आकडा बाजूला ठेवा. पहिलं काम केल्यावर दुसरं किती जणांनी केलं? महिन्याने किती परतले? याआधी संग्रहालयाशी संबंध नसलेले किती? किती नोंदी बदलल्या, आणि माहिती आल्यापासून नोंद बदलेपर्यंत किती दिवस गेले? हा शेवटचा आकडा महिन्यांत जायला लागला तर नवे लोक बोलावणं थांबवून आधी साचलेलं उपसावं. काम संपलं की तसं जाहीर करा, भरायचे चौकोन काढून टाका, निकाल आणि काम करणाऱ्यांची नावं कायमच्या पत्त्यावर ठेवा. उघडे पण कुणी न बघणारे चौकोन हे सगळ्यांत वाईट, कारण त्यांत लोक लिहीत राहतात.

कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात उत्तरेकडच्या इनुइट लोकांचे हजारो जुने फोटो होते, आणि कित्येकांखाली माणसांची नावंच नव्हती. जमात, जागा, एवढंच. २००२ मध्ये ‘प्रोजेक्ट नेमिंग’ सुरू झाला. तरुण इनुइट मुलामुलींनी स्कॅन केलेले फोटो लॅपटॉपवर घेऊन आपल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवले आणि विचारलं, हे कोण? पुढे हेच काम वेबसाइटवरून आणि समाजमाध्यमांवरून चालू राहिलं. ज्या रकान्यात ‘इनुइट स्त्री व मूल’ असं लिहिलेलं होतं, तिथे आता आईचं नाव असतं आणि मुलाचं नाव असतं.